फुटलेली पाणथरी

मराठी भाषेनें मनुष्याच्या अंतरंगांतील बहुतेक अवयवांना वाक्प्रचारांत मानाची जागा दिली आहे. काळीज फाटतें, आंतडें पिळवटतें, पित्त खवळतें, पोटांत गोळा उठतो; परंतु डाव्या कुशींत बरगड्यांच्या आडोशाला निमूटपणें पडून असलेल्या पाणथरीचें नांव आपण सहसा घेत नाहीं. संस्कृतांत तिला प्लीहा म्हणतात. इंग्रजींत मात्र तिच्या नांवाचा अर्थच चिडखोरपणा असा होऊन बसला. कारण मनांतील विषाद व राग यांचें घर तेथें आहे, अशी युरोपांत शतकानुशतकें समजूत होती. पुढें हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रज धन्याचा राग आणि हिंदी नोकराची पाणथरी यांची फौजदारी न्यायालयांत वारंवार गांठ पडावी, हा योगायोग भाषेच्या दृष्टीनें विलक्षण खराच. ज्या घरांतला कर्ता माणूस गेला, त्या घराला मात्र त्यांत मौज वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. मार खाऊन माणूस मेला असतां तो मारानें मेला कीं रोगानें, हा प्रश्न गेल्या शतकांतल्या नव्हे, तर त्याच्याहि मागल्या शतकांतल्या न्यायाधीशांना, डॉक्टरांना आणि राज्यकर्त्यांना कसा छळीत होता, तें पाहण्यासारखें आहे.

हा अवयव मुळांत लहान. प्रौढ माणसाच्या पाणथरीचें वजन सुमारें दीडशें ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें तेरा तोळ्यांच्या आसपास, भरतें. नववी, दहावी आणि अकरावी या बरगड्या ढालीसारख्या तिच्यावर असतात. म्हणून निरोगी माणसाच्या पोटावरून हात फिरविला तर ती लागत नाहीं. जुन्या झालेल्या रक्तपेशी गाळून टाकणें आणि रक्तांत शिरलेल्या जंतूंना अडविणें हें तिचें काम. या कामासाठीं तिच्यांतून रक्ताचा प्रवाह अखंड चालू असतो. तिचा गाभा रक्तानें भिजलेल्या स्पंजासारखा मऊ असून वरचें वेष्टण पातळ असतें. अशा वस्तूला तडा गेला म्हणजे काय होईल, हें सांगावयास वैद्य लागत नाहीं. रक्त बाहेर दिसत नाहीं. तें पोटाच्या पोकळींत सांचत जातें. माणूस प्रथम उठून बसतो, चार पावलें चालतोहि. मग त्याला घाम सुटतो, नाडी बारीक व जलद होते, चेहरा पांढरा पडतो. कित्येकांना पोटापेक्षां डाव्या खांद्यांतच कळ येते, कारण सांचलेलें रक्त श्वासपटलाला टोंचूं लागतें व तेथील वेदना खांद्याच्या वाटेनें जाणवते. आणि हें सर्व चाललें असतां कातडीवर पुष्कळदां ओरखडाहि नसतो.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा अवयव चांगला परिचित होता. चरकसंहितेंत उदररोगांच्या प्रकरणीं प्लीहोदराचें वर्णन आहे. डाव्या कुशींत वाढलेली प्लीहा कठीण होऊन कांसवाच्या पाठीसारखी हाताला लागते, ही तेथील उपमा ज्यानें एकदां तसें पोट चांचपलें आहे त्याला तत्काळ पटेल. जेवणावर वाहनाचे हिसके बसल्यानें ती आपल्या जागेवरून ढळते, अशी एक उपपत्तीहि तेथें दिली आहे. सुश्रुतानें प्लीहेचा संबंध रक्ताशीं जोडला. तो आधुनिक शास्त्रासहि मान्य होण्यासारखा आहे. खेड्यापाड्यांतून मात्र ग्रंथांपेक्षां तापलेल्या सळईवर लोकांचा भरंवसा अधिक असे, आणि वाढलेल्या पोटावर डाग देण्याची चाल कित्येक पिढ्या चालली. त्या डागानें कोणाची पाणथरी ओसरली असेल असें वाटत नाहीं.

ती एवढी वाढते ती बहुधा हिंवतापानें. या तापाचे जंतु तांबड्या रक्तपेशींत घर करितात. बिघडलेल्या पेशी गाळण्याचें काम पाणथरीवर पडतें. ताप वर्षानुवर्षें उलटत राहिला म्हणजे ती बरगड्यांच्या खालून बाहेर डोकावते, बेंबीपर्यंत पोंचते, आणि कित्येकांच्या पोटांत किलोच्याहि पुढें जाते. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा, असें मूल आपल्याकडे एके काळीं कोणत्याहि नदीकांठच्या गांवीं दिसत असे. फ्रेंच लष्करांतील डॉक्टर लॅव्हरान यांनीं १८८० सालीं अल्जीरियांत हे जंतु प्रथम पाहिले. आणि ते डांसाच्या पोटांत वाढतात हें रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस दिसलें. सिकंदराबाद म्हणजे निजामाचा मुलूख. त्याच राज्याच्या वायव्य टोंकाकडे, औरंगाबाद जिल्ह्यांत, गोदावरीच्या उत्तरेस गंगापूर तालुका. प्रवरा आणि गोदावरी यांचा संगम जेथें होतो तें कायगांव-टोकें याच्याच हद्दीवर आहे. पावसाळा सरतां सरतां अशा सखल, पाणथळ मुलखांत घरोघर हींव भरत असे, आणि आश्विन-कार्तिकांत शेतावर माणूस मिळणें कठीण जाई. सिकंदराबादच्या शोधाची वार्ता जगभर गेली, रॉस यांना १९०२ सालीं नोबेल पारितोषिकहि मिळालें. पण ज्या रयतेच्या रोगावर हा शोध लागला तिच्या घरीं मच्छरदाणी आणि कोयनेल पोंचावयास पुढें किती वर्षें गेलीं!

वाढलेली पाणथरी ही सरकारला अपरिचित गोष्ट होती असें कोणी म्हणूं लागल्यास त्याला एका जुन्या चौकशीची आठवण द्यावी लागेल. यमुनेच्या कालव्यांनीं गांवांत रोगराई वाढली काय, हें पाहण्यासाठीं १८४५ च्या सुमारास सरकारनें एक समिती नेमली. तींतील डॉक्टर डेम्प्स्टर यांनीं युक्ति अशी काढली कीं, गांवोगांव फिरून लोकांचीं पोटें चांचपावयाचीं आणि शेंकडा किती जणांची पाणथरी वाढली आहे तें मांडावयाचें. हिंवतापाचा जोर मोजण्याची ही रीत पुढें साऱ्या जगानें उचलली. अर्थात् उत्तर हिंदुस्थानांतल्या पुष्कळ गांवीं हिंदी माणसाची पाणथरी वाढलेली असते, ही गोष्ट सरकारी दप्तरांत आंकड्यांनिशीं नमूद होती. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिचें काम पुढें आहे.

आतां आग्र्याकडे वळूं. १८७५ सालच्या एका रविवारीं तेथील फुलर नांवाचा इंग्रज वकील सहकुटुंब देवळांत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरांत, जावयास निघाला. गाडी दाराशीं आली, पण मोतद्दार जागेवर नव्हता. बोलावणें गेल्यावर तो आला. त्याचें नांव कतवारू. या विलंबाबद्दल फुलरनें त्याच्या डोक्यावर व तोंडावर चापटा मारल्या आणि केंस धरून ओढलें, तेव्हां तो खालीं पडला. फुलर मंडळी गाडींत बसून उपासनेला गेली. कतवारू उठला, शेजारच्या आवारांत गेला आणि तेथें थोड्याच वेळांत मेला. प्रेत तपासलें तेव्हां पाणथरी फुटलेली आढळली. ती रोगानें वाढलेली होती, आणि अशी पाणथरी थोड्याशा मारानें किंवा नुसत्या पडण्यानेंहि फुटूं शकते, असा वैद्यकीय अभिप्राय पडला.

जॉइंट मॅजिस्ट्रेट लीड्स यांनीं फुलरवर आरोप ठेवला तो साध्या दुखापतीचा, आणि शिक्षा दिली तीस रुपये दंड, न भरल्यास पंधरा दिवसांची साधी कैद. दंडाची रक्कम विधवेला द्यावी असा हुकूम झाला. वायव्य प्रांताच्या सरकारनें अलाहाबादच्या हायकोर्टाचें मत विचारलें. तेथून उत्तर आलें कीं, आम्ही कदाचित् याहून थोडी जड शिक्षा दिली असती, पण दिलेली शिक्षा विशेष आक्षेपार्ह नाहीं. येथेंच प्रकरण संपावयाचें. अशीं कितीतरी त्यापूर्वीं संपलीं असतील. पण नुकतेच गव्हर्नर जनरल होऊन आलेले लॉर्ड लिटन यांनीं हे कागद पाहिले, आणि जुलै १८७६ मध्यें हिंदुस्थान सरकारचें एक कडक पत्र निघालें. मृत्यु मारहाणीमुळें घडला हें उघड असतां याहून गंभीर गुन्हा झाला कीं काय, याचा मॅजिस्ट्रेटनें विचारच केला नाहीं. प्रांतिक सरकारनें व हायकोर्टानें ही गोष्ट हलकी लेखली. आणि जे उलट हात उचलूं शकत नाहींत अशा नोकरांवर हात टाकण्याची युरोपियनांची संवय भ्याडपणाची व निंद्य आहे, असा त्या पत्राचा आशय होता. लीड्स यांना सक्त ताकीद मिळाली, आणि अधिक चांगली विवेकबुद्धि दिसेपर्यंत त्यांच्याकडे जिल्ह्याचा स्वतंत्र अधिकार तात्पुरताहि देऊं नये असें ठरलें.

याच लिटन साहेबांनीं पुढें १८७८ सालीं देशी वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घातलें, आणि दुष्काळांत दिल्लीदरबार भरविला. त्यांचें गुणगान गाण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि त्यांच्या हातून झालेलीं चांगलीं कामें मोजावयास घेतलीं तर हें पत्र त्यांत धरावेंच लागेल. गोऱ्या समाजांत त्यावर केवढें काहूर माजलें! न्यायदानांत सरकारनें ढवळाढवळ केली, वकिलाची बदनामी केली, हायकोर्टाचा अपमान केला, अशी अँग्लो-इंडियन पत्रांनीं ओरड केली. त्या ओरडीचें सूत्र मात्र ध्यानांत घेण्यासारखें आहे. या देशांत नेटिव्हांच्या पाणथऱ्या सडलेल्याच असतात, त्याला बिचारा युरोपियन काय करणार, असें तें सूत्र होतें.

हें सूत्र कायद्याच्या कसोटीला लावून पाहूं. मेकॉलेच्या लॉ कमिशननें १८३७ सालीं दंडविधानाचा मसुदा तयार केला. तो सुधारून १८६० सालीं मंजूर झाला व १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. मसुदा करणाऱ्यांना रोगी माणसाचा प्रश्न सुचला नव्हता असें नाहीं. रोगानें किंवा दुर्बलतेनें पीडित अशा माणसाला इजा करून जो त्याचा मृत्यु लौकर ओढवतो त्यानें तो मृत्यु घडवून आणला असेंच समजावें, असें कलम २९९ चें पहिलें स्पष्टीकरण सांगतें. म्हणजे ‘तो नाहीं तरी मरणारच होता’ ही सबब बंद झाली. परंतु कलम ३०० खालच्या एका उदाहरणांत दुसरें दार उघडें राहिलें. समोरच्याला असा रोग आहे कीं एका तडाख्यानें तो मरण्याचा संभव आहे, हें ठाऊक असून इजा करण्याच्या हेतूनें जो त्याला मारतो, तो खुनी; मग तो तडाखा निरोगी माणसाला मारण्याइतका नसला तरी चालेल. रोग ठाऊक नसतां, आणि ठार मारण्याचा अथवा सहसा प्राणघातक होईल अशी इजा करण्याचा हेतु नसतां, निरोगी माणूस ज्यानें सहसा मरणार नाहीं असा तडाखा दिला, तर मात्र तो खुनी नव्हे. सर्व भिस्त ‘ठाऊक होतें काय’ या एका गोष्टीवर आली.

तत्त्व म्हणून यांत अन्याय नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. नकळत घडलेल्या मरणाबद्दल कोणाला फासावर चढवावें असें कोणीहि म्हणणार नाहीं. पण येथें युक्तिवाद कसा उलटतो तें पाहा. आरोपी म्हणे, या माणसाची पाणथरी वाढलेली होती हें मला ठाऊक नव्हतें. आणि त्याचीच बाजू घेणारीं वर्तमानपत्रें म्हणत, या देशांत पाणथरी वाढलेली असते हें सर्वांना ठाऊक आहे! ज्या गोष्टीची गणना सरकार तीस वर्षें करीत होतें, जी प्रत्येक स्टेशनावरच्या डॉक्टराच्या तोंडीं होती, ती गोष्ट नोकराच्या कुशींत लाथ मारणाऱ्या धन्याला मात्र अज्ञात राहावी, हें कसें? अमुक एका कतवारूच्या पोटांत काय आहे हें त्याला ठाऊक नसेल. पण अशा हजारोंपैकीं कोणाच्याहि पोटांत तें असूं शकतें, एवढें ज्ञान त्याच्या पदरीं बांधणें कठीण नव्हतें. कायद्यांत खुनाच्या खालोखाल सदोष मनुष्यवधाचें कलम होतें, भारी दुखापतीचें होतें. १८७० पासून हयगयीनें मृत्यु घडविण्याचेंहि कलम आलें होतें. इतक्या पायऱ्या असतां निकाल बहुधा सर्वांत खालच्या पायरीवर, साध्या दुखापतीवर, येऊन थांबे. अलाहाबाद हायकोर्टाच्या १८७९ ते १८८१ या दोनतीन वर्षांच्या निकालसंग्रहांतच फुटलेल्या पाणथरीचीं अनेक प्रकरणें सांपडतात. ‘बूट आणि पाणथरी’ ही जोडी देशी पत्रांत कडवट विनोदाचा विषय होऊन बसली, ती कांहीं उगीच नव्हे.

आमच्या मुंबई इलाख्यांतला एक निकाल याच १८७६ सालचा आहे, आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला तो आजहि पाठ असतो. गोविंदा नांवाच्या अठरा वर्षांच्या तरुणानें पंधरा वर्षांच्या बायकोला लाथाबुक्क्यांनीं मारलें. ती खालीं पडल्यावर तिच्या छातीवर गुडघा रोंवून तोंडावर दोनतीन ठोसे दिले. येथें पाणथरीचा संबंध नाहीं. मेंदूवर रक्तस्राव होऊन ती मुलगी मेली. सेशन्स कोर्टानें त्याला खुनी ठरवून फांशीची शिक्षा दिली होती. हायकोर्टांत न्यायमूर्ति मेल्व्हिल यांनीं सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक शब्दशः फोड करून दाखविला. ठार मारण्याचा हेतु नव्हता, आणि इजाहि सहसा मृत्यु आणील अशी नव्हती, असें ठरवून त्यांनीं फांशी रद्द केली आणि सात वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा दिली. निकाल सूक्ष्म आहे, न्यायाचा आहे. पण त्याच्या शेजारीं आग्र्याचा निकाल ठेवून पाहावा. दोघांनींहि ठार मारण्याचें मनांत आणलें नव्हतें. दोघांच्याहि हातून माणूस मेलें. गोविंदाचे ठोसे फुलरच्या चापटांहून जबर होते, हें खरें. परंतु सात वर्षें काळें पाणी आणि तीस रुपये यांतलें अंतर केवळ ठोशाच्या जोरानें भरून निघतें असें म्हणण्यास मन धजत नाहीं.

हेंहि खरें कीं, पाणथरी ही केवळ गोऱ्यांची ढाल नव्हती. १८८१ सालीं अलाहाबादेस इदू बेग नांवाच्या माणसाचा खटला चालला. त्यानें आपल्या बायकोच्या डाव्या कुशींत जोराचा तडाखा दिला आणि पाणथरी फुटून ती लौकरच मेली. जाणूनबुजून केलेली मारहाण ही हयगय नव्हे, म्हणून हयगयीचें कलम अशा ठिकाणीं लावतां येत नाहीं, असें न्यायमूर्ति स्ट्रेट यांनीं त्या निकालांत सांगितलें. हयगयीची त्यांनीं केलेली व्याख्या पुढें शंभर वर्षें कोर्टांत उद्धृत होत राहिली. ती बाई मात्र व्याख्येपुरतीच उरली. साहेबाच्या बुटाबद्दल आपण लिहितों, बोलतों, सभा भरवितों. घरांतल्या बुक्कीबद्दल तेवढा आवाज उठत नसे. सासरीं मार खाणाऱ्या, दर पावसाळ्यांत हिंवतापानें पिंजलेल्या, बाळंतपणांनीं खंगलेल्या किती बायका ‘पोटांत दुखून’ गेल्या असतील, त्यांची मोजदाद कोणत्याहि निकालसंग्रहांत नाहीं. प्रेत दुपारच्या आंत जाळलें म्हणजे डॉक्टरचा संबंधच येत नाहीं.

डॉक्टरांवर त्या काळीं लबाडीचा आरोप होई. तो सरसकट खरा मानण्याचें कारण नाहीं. हिंवतापानें ताणलेली पाणथरी हलक्या धक्क्यानें फुटते, आणि क्वचित् कांहींहि निमित्त नसतां आपोआप फुटते, ही गोष्ट आजच्या वैद्यकासहि मान्य आहे. कलकत्त्याचे नॉर्मन चेव्हर्स यांनीं १८५६ सालीं बंगाल व वायव्य प्रांतांसाठीं न्यायवैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत फुटलेल्या पाणथरीचा विचार केलेला आहे. आमच्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अध्यापक व सरकारी रसायनपरीक्षक लायन यांचें न्यायवैद्यकावरील पुस्तक १८८९ च्या सुमाराचें, आणि जयसिंग मोदी यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९२० चा. या ग्रंथांच्या परंपरेंतून शवपरीक्षेची एक शिस्त तयार झाली. पाणथरी फुटली एवढें लिहून भागत नाहीं. तिचें वजन किती, वेष्टण जाड झालेलें होतें कीं पातळ, चीर कोणत्या बाजूस, पोटांत रक्त किती व तें गोठलेलें कीं पातळ, वरच्या बरगड्या मोडल्या आहेत काय, कातडीखालीं रक्त साकळलें आहे काय, हें सर्व पाहावें लागतें. निरोगी, दीडशें ग्रॅमची पाणथरी फुटली असेल तर ‘हलका धक्का’ ही सबब टिकत नाहीं. वाढलेली असली तरी बरगड्या मोडल्या असतील तर तडाखा हलका नव्हता हें हाडेंच सांगतात. डॉक्टरचा दोष बहुधा खोटें लिहिण्याचा नसे. जेवढें विचारलें तेवढेंच लिहिण्याचा असे, आणि विचारणारा धन्याच्याच क्लबांतला असे.

खरी गोम येथेंच होती. मोफसलींत युरोपियन आरोपीची चौकशी युरोपियन अधिकाऱ्यानेंच करावयाची, असा कायदा होता. हा भेद काढण्यासाठीं १८८३ सालीं इल्बर्ट यांनीं बिल आणलें, तेव्हां गोऱ्यांनीं आकाशपाताळ एक केलें. त्या वर्षींच्या एप्रिलांत मुंबईच्या टाउन हॉलमध्यें जी सभा झाली तींत काशीनाथ त्र्यंबक तेलंग, फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं बिलाच्या बाजूनें केलेलीं भाषणें त्या पिढीच्या स्मरणांत दीर्घकाळ राहिलीं. शेवटीं १८८४ सालीं जो कायदा झाला त्यानें युरोपियनाला निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन ज्यूरर मागण्याचा हक्क दिला. म्हणजे रोग्याला औषध देतां देतां रोगच पक्का केला. पुढें लॉर्ड कर्झन यांना हाच अनुभव आला. १९०२ सालीं सियालकोटास नवव्या लान्सर पलटणींतल्या शिपायांनीं मारलेला स्वयंपाकी मेला. गुन्हेगार सांपडेनात, म्हणून त्यांनीं साऱ्या पलटणीला शिक्षा केली. दुसऱ्याच वर्षीं दिल्लीदरबारांत ती पलटण पुढून जातांच जमलेल्या गोऱ्या प्रेक्षकांनीं तिचा जयजयकार केला! वर्णभेदाच्या या तरतुदी १९२३ सालीं सैल झाल्या आणि १९४९ सालीं समूळ गेल्या.

गंगापुरास हा सर्व कायदा तेव्हां लागूच नव्हता. निजामाच्या राज्यांत फौजदारी कायदे संस्थानचे स्वतःचे असत, आणि युरोपियनांचा न्याय रेसिडेन्सीकडे असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान विलीन झालें, १ एप्रिल १९५१ पासून दंडविधान तेथें लागूं झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. तोंवर पाणथरीचा इतिहास दुसऱ्याच अंगानें पालटला होता.

एक पालट शस्त्रवैद्यांनीं घडविला. मारानें फुटलेली पाणथरी कापून काढून रोगी वाचविल्याचा पहिला दाखला ब्रेस्लाव येथील रीग्नर यांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हांपासून साठसत्तर वर्षें नियमच होऊन बसला कीं, पाणथरी फुटली म्हणजे ती काढावयाची. ती नसली तरी माणूस जगतो, मग ठेवा कशाला? १९५२ सालीं किंग आणि शुमाकर या अमेरिकन डॉक्टरांनीं दाखविलें कीं, पाणथरी काढलेल्या लहान मुलांना पुढें जंतुसंसर्गाचे भयंकर आघात होतात. रिकामा समजलेला अवयव पहारेकरी निघाला. आणि १९६८ सालीं टोरांटोच्या बालरुग्णालयांतून आलेल्या एका निबंधानें जुन्या नियमाला मोठा धक्का दिला. फुटलेली पाणथरी पुष्कळ मुलांच्या बाबतींत आपोआप भरून येते, रोग्यावर बारीक लक्ष ठेवून शस्त्रक्रिया टाळतां येते, असें त्यांत म्हटलें होतें. त्याचे लेखक सिम्प्सन आणि आपल्याकडचे बालशल्यवैद्य पुरुषोत्तम उपाध्याय. उपाध्याय यांनीं पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत मोठें काम केलें. आज सोनोग्राफी आणि सी. टी. स्कॅन यांच्या आधारें पाणथरीच्या चिरेची प्रत ठरवितात, आणि नाडी व रक्तदाब स्थिर असल्यास प्रौढांनाहि चाकूखालीं न घेतां बरें करितात.

दुसरा पालट हिंवतापाचा. १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, डी. डी. टी. घरोघर फवारली गेली. मध्यंतरीं १९७६ सालीं चौसष्ट लाखांवर रुग्ण होऊन रोगानें पुन्हा डोकें वर काढलें, पण जुना जोर परत आला नाहीं. त्याच सुमारास पैठणला जायकवाडीचें धरण उभें राहिलें आणि गोदावरीचें पाणी गंगापूर तालुक्याच्या शिवारापर्यंत फुगलें. तरी हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा असें मूल आतां तेथें सहसा आढळत नाहीं. पाणथरी लहान झाली. तिच्यावर पडणारे तडाखे मात्र मोठे झाले. तालुक्यांत वाळूजची औद्योगिक वसाहत आहे, नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग येथून जातो, आणि दर घरीं मोटारसायकल आहे. गाडीचें हँडल पोटांत घुसणें, ट्रॅक्टरवरून पडणें, उसाच्या ट्रॉलीवर आदळणें, हीं आजचीं कारणें. बोथट माराने पोटांतल्या ज्या अवयवांना इजा होते त्यांत पाणथरी अग्रभागीं असते. आणि तिचा एक जुना डाव अजून कायम आहे: वेष्टणाच्या आंत रक्त सांचून राहतें, माणूस घरीं येतो, जेवतो, कामावर जातो, आणि चार दिवसांनीं किंवा दोन आठवड्यांनीं वेष्टण फुटून एकाएकीं कोसळतो. फ्रेंच शस्त्रवैद्य बोदे यांनीं १९०७ सालींच या फसव्या स्वस्थतेकडे लक्ष वेधलें होतें. म्हणून कुशीला मार बसलेल्या माणसाला ‘कांहीं झालें नाहीं’ म्हणून घरीं बसवूं नये. खांदा दुखतो म्हणाला तर मुळींच बसवूं नये.

कोर्टांतहि हा डाव घोंटाळा करितो. भांडण झालें पाडव्याला, माणूस गेला पंधरवड्यानें. मध्यें तो दुचाकीवरून पडलाहि असेल. मृत्यूचें कारण पाणथरी, हें सांगणें सोपें. ती कोणत्या दिवशींच्या माराने फुटली हें ठरवावयाचें तर रक्ताच्या गुठळीचा रंग, वेष्टणाखालचे थर आणि सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणारी भरण यांवरून कालाचा अंदाज बांधावा लागतो. त्यासाठीं पाणथरीचा तुकडा प्रयोगशाळेंत जावा लागतो, आणि प्रथम म्हणजे शवपरीक्षा व्हावी लागते. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. मनुष्यवधाचें कलम २९९ तेथें १०० झालें, खुनाचें ३०० तें १०१ झालें. पण रोगी माणसावरील तडाख्याचें तें उदाहरण, ‘ठाऊक असून’ आणि ‘ठाऊक नसतां’ या दोन्ही अंगांसह, नव्या संहितेंतहि तसेंच ठेवलें आहे.